मुंग्या खऱ्या आहेत, कारण मात्र सापडत नाही

(या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी हातापायांच्या मुंग्या आणि बधिरपणा यांविषयी होती. त्यांतील चार पत्रे निवडली असून, पत्रलेखकांची ओळख पटणार नाही अशा बेताने त्यांतील मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातील तक्रार अनेकांची आहे.)

प्रश्न : स. न. वि. वि. मी ६१ वर्षांचा निवृत्त शिक्षक असून सांगली जिल्ह्यात राहतो. दोन वर्षांपूर्वी दोन्ही पायांच्या अंगठ्यांना मुंग्या येऊ लागल्या. आता घोट्यांपर्यंत पाय बधिर वाटतात, फरशीवर चालताना पायाखाली घोंगडी अंथरली आहे असा भास होतो आणि रात्री तळव्यांची आग होते. उपाशीपोटीची साखर, थायरॉइड, मूत्रपिंडाच्या तपासण्या, कमरेचा एमआरआय आणि नसांची विजेवरची तपासणी असे सर्व झाले. ‘सगळे नॉर्मल आहे, मनावर घेऊ नका’ असे मला सांगण्यात आले. बी जीवनसत्त्वांच्या गोळ्या दीड वर्षापासून घेत आहे. त्याखेरीज अ‍ॅसिडिटीची गोळी सात वर्षे रोज चालू आहे. सौ. रोज रात्री गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकून देते, तेवढ्यापुरते बरे वाटते. आता घरातील मंडळीही म्हणू लागली आहेत की, हा रिकामपणाचा त्रास आहे. मॅडम, मला खरोखरच काही झालेले नाही का? आणि झाले असेल, तर पुढे माझे चालणे बंद होईल का?

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी देते. आपल्याला झालेले आहे आणि ते मनाचे नाही. तसेच आपण वर्णन केलेल्या प्रकारात चालणे बंद पडण्याची वेळ बहुतेकांवर येत नाही. परंतु त्यापुढे काही सांगण्याआधी एक विनंती आहे, ती आज रात्रीपासूनच अमलात आणावी. गरम पाण्याची पिशवी बंद करा. ज्या पायाला स्पर्श नीट कळत नाही, त्याला चटकाही नीट कळत नाही. माझ्याकडे आलेल्या एका आजोबांच्या टाचेला अशाच शेकाने फोड आला होता आणि तो त्यांना स्वतःला जाणवला नव्हता. तिसऱ्या दिवशी सुनेला चादरीवर डाग दिसला, तेव्हा तो लक्षात आला. ती जखम भरून यायला चार महिने लागले. आपल्या सौभाग्यवतींच्या मायेला दुसरा मार्ग हवा असेल, तर त्यांनी रोज रात्री उजेडात आपले तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. शेकापेक्षा त्याचा उपयोग फार मोठा आहे.

आता त्रासाच्या मुळाकडे येऊ. आपल्याकडे ‘नस’ आणि ‘शीर’ हे शब्द रक्तवाहिनीलाही वापरतात आणि मज्जातंतूलाही, त्यामुळे मुंग्या आल्या की ‘रक्तपुरवठा होत नाही’ असे मानून तेल चोळणे, शेकणे, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणे असे उपाय सुरू होतात. मांडी घालून बसल्यावर येणाऱ्या आणि उठताच जाणाऱ्या मुंग्या निराळ्या. दोन्ही पायांत, अंगठ्यांपासून सुरू होऊन महिन्यामहिन्याने वर सरकणारा बधिरपणा हा मज्जातंतूंच्या टोकांचा आजार असतो. पायाच्या बोटांपर्यंत जाणारा तंतू कमरेपाशी निघतो आणि त्याची लांबी सुमारे एक मीटर भरते. त्या तंतूला लागणारे सारे पोषण त्याच्या मुळाशी असलेल्या पेशीकडून एवढे अंतर तोडून टोकाला पोहोचवावे लागते. शरीरात काहीही बिघडले, तरी सर्वांत लांबचे टोक आधी सुकते. कालव्याला पाणी कमी पडले की शेवटच्या शेताला त्याची झळ आधी बसते, तसेच हे आहे. म्हणूनच त्रास मोज्याच्या आकाराने वर चढतो, आणि तो गुडघ्याच्या आसपास पोहोचला की हातांच्या बोटांनाही सुरुवात होते.

आपला एमआरआय नॉर्मल आला, कारण तो कमरेचा होता आणि बिघाड तेथे नाही. नसांच्या विजेवरच्या तपासणीबद्दल मात्र थोडे सांगायला हवे. ती तपासणी जाड तंतूंचीच होते. आग, उष्णता, थंडी आणि वेदना यांची जाणीव वाहणारे तंतू अतिशय बारीक असतात, ते त्या यंत्राच्या आवाक्यात येत नाहीत. तळव्यांची आग होत असलेल्या माणसाचा तो अहवाल नॉर्मल येऊ शकतो. त्यावरून ‘जाड तंतूंत मोठा दोष दिसत नाही’ एवढाच निष्कर्ष निघतो, ‘रुग्णाला काही झालेले नाही’ असा निघत नाही, आणि हा फरक रुग्णाला समजावून सांगण्याची जबाबदारी आम्हा डॉक्टरांची आहे. बारीक तंतू मोजण्यासाठी घोट्याच्या वरच्या बाजूचा तीन मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा काढून तपासता येतो. ही सोय मोजक्या ठिकाणी आहे आणि तिच्यामुळे उपचार क्वचितच बदलतात. त्यामुळे आपण त्यासाठी धावपळ करावी, असे मला वाटत नाही.

त्याऐवजी काही साध्या गोष्टी राहून गेल्या आहेत, त्यांकडे लक्ष द्यावे. आपण फक्त उपाशीपोटीची साखर पाहिली आहे. मधुमेह पूर्ण होण्याआधीच्या अवस्थेतही पायांचे तंतू बिघडू शकतात आणि त्या वेळी उपाशीपोटीची साखर पुष्कळदा चांगली असते. तीन महिन्यांच्या सरासरीची, म्हणजे एचबीएवनसी ही तपासणी करावी, ती ५.७ ते ६.४ टक्के आली तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची खूण आहे. शक्य असल्यास ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर पाहावी.

दुसरी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्वाची. आपल्या यादीत त्याची पातळी कुठेच नाही, बहुधा गोळ्या आधी सुरू झाल्या आणि तपासणी राहिली. हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नात जवळजवळ नसते. शाकाहारी घरात ते दूध, दही, ताक यांतूनच काय ते मिळते. त्यात आपण सात वर्षे अ‍ॅसिडिटीची गोळी घेत आहात. अन्नातील बी-१२ सुटे होण्यासाठी जठरातील आम्ल लागते, आणि ही गोळी तेच आम्ल कमी करते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनाही हीच कमतरता येऊ शकते, हे इतर वाचकांनी लक्षात घ्यावे. आता गोळ्या चालू असताना रक्तातील पातळी पाहिली तर ती चांगलीच दिसेल आणि त्यावरून फारसे काही कळणार नाही. म्हणून बी-१२ शरीराला खरोखर पुरते आहे का, हे दाखवणाऱ्या होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल या रक्ताच्या तपासण्यांविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. शोषणातच अडचण असेल तर काही काळ इंजेक्शने घ्यावी लागतील. अ‍ॅसिडिटीची गोळी अजून आवश्यक आहे का, हेही त्याच भेटीत विचारावे. ती एकदम स्वतःहून बंद करू नये.

तिसरी गोष्ट वाचून आपल्याला कदाचित आश्चर्य वाटेल. आपल्या बी जीवनसत्त्वांच्या गोळीच्या पाकिटावर पायरिडॉक्सिन, म्हणजेच बी-६, किती मिलिग्रॅम आहे ते वाचा. शरीराची रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास असते. काही गोळ्यांत ते ५० किंवा १०० मिलिग्रॅम असते, आणि अशी मात्रा वर्षानुवर्षे घेतली तर त्यानेच मुंग्या येऊ शकतात. ज्या तक्रारीसाठी गोळी घ्यायची, तीच तक्रार ती वाढवू शकते, असे हे दुर्मिळ पण खरे उदाहरण आहे. क्षयरोगाच्या औषधांसोबत बी-६ दिले जाते, त्याचे कारण वेगळे आहे, कारण आयसोनियाझिड हे औषध शरीरातील बी-६ कमी करते. त्या रुग्णांनी ते मुळीच थांबवू नये.

याशिवाय आपल्या वयात रक्तातील प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी एकदा होणे योग्य ठरते, कारण हाडांच्या आतील अस्थिमज्जेतील पेशींचे काही विकार मुंग्यांच्या रूपाने प्रथम दिसतात. मद्य घेत असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये. आणि एक बिनखर्चाची तपासणी घरीच करता येईल. भाऊबहिणी एकत्र आल्यावर सर्वांचे पाय नीट पाहा. तळव्याची कमान फार उंच, बोटे आकड्यासारखी वाकलेली आणि पोटऱ्या बारीक, असे दोघातिघांत आढळले तर आजार आनुवंशिक असण्याची शक्यता आहे आणि ते डॉक्टरांना सांगायला हवे.

एवढे सर्व करूनही कारण सापडेलच, असे आश्वासन मी देणार नाही. या आजाराच्या रुग्णांपैकी साधारणपणे चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात सर्व तपासण्यांनंतरही कारण मिळत नाही. असे रुग्ण बहुधा पन्नाशी ओलांडलेले असतात, त्यांचा त्रास अतिशय सावकाश वाढतो, काहींचा एका जागी थांबतो, आणि बहुतेक जण पुढेही स्वतःच्या पायांनी हिंडतात-फिरतात. म्हणून दर सहा महिन्यांनी नवे डॉक्टर, नवा एमआरआय आणि नवी फाइल या चक्रात आपले निवृत्तिवेतन घालवू नका. एकच मज्जासंस्थातज्ज्ञ धरा, वर्षातून एकदा त्यांना दाखवा आणि मधल्या काळात स्वतःची नोंद ठेवा. कापसाचा बोळा बोटांपासून वर फिरवत न्यावा, स्पर्श जेथे ठळक वाटू लागतो तेथे टेपने घोट्यापासूनचे अंतर मोजावे आणि वहीत तारखेसह लिहावे. तीन महिन्यांतून एकदा पुरे. आपण शिक्षक आहात, त्यामुळे ही वही आपण उत्तम ठेवाल. आणि पुढच्या भेटीत ‘वाढले असे वाटते’ यापेक्षा ‘चार सेंटिमीटर वाढले’ हे वाक्य डॉक्टरांना अधिक उपयोगी पडेल.

रात्रीच्या आगीवर औषधे आहेत. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबलिन यांपैकी एखादे लहान मात्रेत सुरू करून सावकाश वाढवतात. यांतील काही औषधे मुळात नैराश्याची किंवा फिटची म्हणून ओळखली जातात, म्हणून औषधविक्रेत्याने काही म्हटले तर गोंधळून जाऊ नका. त्यांनी आग आणि मुंग्या कमी होतात, बधिरपणा मात्र जात नाही, हे आधीच माहीत असलेले बरे. नाहीतर औषध लागू पडत असूनही ते सोडून दिले जाते. झोपेची गुंगी आणि चक्कर हे त्यांचे दुष्परिणाम आहेत. शिवाय प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असल्यास तो डॉक्टरांना आधी सांगावा, कारण यांतील काही औषधे त्यात चालत नाहीत.

उरते रोजचे वागणे. घरातही चप्पल घाला, देवळाच्या आवारात तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊ नका आणि वारीला जाणार असाल तर पायांत मऊ तळाची पादत्राणे असू द्या. पांडुरंगाला त्यात काही गैर वाटणार नाही. नवी चप्पल संध्याकाळी घ्यावी, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पाण्याची ऊब पायाने न पाहता कोपराने पाहावी. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का, हे लक्षात घ्या. जात असेल तर एक हात बेसिनला धरा, कारण पायांकडून येणारी माहिती कमी झाली की शरीर डोळ्यांच्या भरवशावर उभे असते. त्याच कारणाने रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा असावा. रोज अर्धा तास चाला आणि ओट्याला धरून एका पायावर उभे राहण्याचा सराव करा.

घरच्या मंडळींना हे उत्तर वाचून दाखवावे. ज्या आजाराची सूज दिसत नाही, ताप येत नाही आणि अहवालात लाल अक्षर उमटत नाही, तो आजार सोसणारा माणूस घरात एकटा पडतो. आपल्या पत्रातील ‘रिकामपणाचा त्रास’ हा शब्द मला फार लागला.

प्रश्न : मी ४४ वर्षांची असून नाशिकला पोळीभाजी केंद्र चालवते. रोज दीडदोनशे पोळ्या होतात. चार महिन्यांपासून पहाटे तीनच्या सुमारास उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की थोड्या वेळाने बरे वाटते. मानेच्या एक्स-रेत झीज दिसली, म्हणून मानेला पट्टा दिला आहे. त्याने काहीच फरक पडलेला नाही. आता बटण लावतानाही बोटे अडखळतात.

उत्तर : ताई, आज रात्री जाग आली की दिवा लावून एकच पाहा : करंगळीला मुंग्या आहेत का? अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर असून करंगळी मोकळी असेल, तर दोष मानेत नसून मनगटात असण्याची दाट शक्यता आहे. मनगटातील एका अरुंद बोगद्यातून मधली नस तळहातात जाते आणि तेथे ती दाबली जाते. हात झटकल्यावर आराम पडणे ही या आजाराची जुनी आणि भरवशाची खूण आहे. चाळिशीनंतर मानेच्या एक्स-रेत झीज बहुतेकांना दिसते, त्यामुळे ती दिसली म्हणजे कारण मिळाले, असे होत नाही.

रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून झोपा. दिवसा कामात ती जमणार नाही, पण रात्रीची पट्टी सर्वांत महत्त्वाची असते. कणीक मळण्याचे काम काही आठवडे यंत्राकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे सोपवता आले तर पाहा. थायरॉइड आणि साखर तपासा, कारण दोन्हींमुळे हा त्रास होतो. येथे मात्र नसांची विजेवरची तपासणी अतिशय उपयोगी आहे, कारण दबलेले तंतू जाड असतात. बटण लावणे अवघड होणे म्हणजे नस अशक्त होऊ लागल्याची सूचना आहे, म्हणून सहा महिने वाट पाहू नका. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होण्याआधी लहानशी शस्त्रक्रिया केली तर हात बहुधा पूर्ववत होतो. तो सपाट झाल्यावर मुंग्या जातात, पण ताकद पूर्ण परत येईलच असे नाही.

प्रश्न : आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात राहतो. माझ्या १९ वर्षांच्या धाकट्या भावाच्या हातावर फिकट चट्टा आहे. खाज नाही, दुखत नाही. गजकर्णाचे मलम तीन महिने लावले. आता तो म्हणतो की, चट्ट्यावर टोचले तरी कळत नाही आणि करंगळीलाही मुंग्या येतात. घरात कोणाला सांगायचे नाही, असे त्याने मला बजावले आहे.

उत्तर : गजकर्णाला खाज येते आणि त्यावरची संवेदना शाबूत असते. ज्या चट्ट्यावर टोचलेले कळत नाही, तो कुष्ठरोगाचा आहे असे धरूनच तपासणी करायला हवी, आणि ती या आठवड्यातच. घाई करण्याचे कारण चट्टा नसून करंगळीच्या मुंग्या आहेत. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नस त्या बोटाला संवेदना देते आणि या रोगात ती जाड होऊन निकामी होऊ शकते. नस सुजत असतानाच औषध मिळाले तर हात वाचतो. उशीर झाला तर औषधाने जंतू मरतात, पण बोटे वाकलेली राहतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. रोगाच्या प्रकारानुसार ती सहा किंवा बारा महिने घ्यायची असतात, आणि नसेला सूज असेल तर सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्ग होण्याचा धोका लवकरच संपतो. त्याला वेगळे ताट, वेगळी खोली, काहीही लागत नाही. त्याचे शिक्षण आणि पुढे लग्न, दोन्ही नेहमीसारखे होऊ शकते. हा जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला आणि बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली; म्हणजे आपल्या भावाच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून हा रोग पूर्ण बरा होतो आहे. बाबा आमटे यांनी आपल्याच जिल्ह्यात, वरोऱ्याला, आनंदवन उभे केले, त्या काळातील भीती आज बाळगण्याचे कारण उरलेले नाही. भावाला दिलेला शब्द मोडावा लागेल, कारण घरातील सर्वांची त्वचा तपासणे आणि त्यांना प्रतिबंधक औषधाचा एक डोस देणे हा उपचाराचाच भाग आहे. मात्र आईवडिलांना सांगण्याआधी त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांच्या तोंडून ऐकल्यावर त्याची भीती निम्मी होईल.

प्रश्न : मी पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात राहते, वय २७. गेल्या वर्षी आमच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण आढळल्यापासून मला अधूनमधून ओठांभोवती आणि दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या येतात, छातीत धडधडते, वीस मिनिटांत सर्व थांबते. असे महिन्यातून तीनचार वेळा होते. हा जीबीएसच आहे का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून तसे वाटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या परिसरात तो आजार पसरला, तेव्हा काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाब करणारा जंतू सापडला होता. पोट बिघडल्यानंतर एकदोन आठवड्यांनी पायांतून वर चढत जाणारी अशक्तता हे त्या आजाराचे रूप आहे. तो दिवसागणिक वाढतो आणि जास्तीत जास्त चार आठवड्यांत कळस गाठतो. वीस मिनिटांत येऊन जात नाही आणि महिन्यातून तीनदा परतत नाही. ओठ आणि बोटे यांच्या मुंग्या भीतीच्या भरात जोरजोराने श्वास घेतल्याने येतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मज्जातंतू तात्पुरते अधिक उत्तेजित होतात. म्हणजे मुंग्या खऱ्याच असतात, त्यांचे मूळ फक्त श्वासात असते. अशा वेळी बसून, चार अंक मोजत श्वास आत घ्या आणि सहा अंक मोजत सोडा. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय करू नका. एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि ही भीती रोजचे काम अडवत असेल तर समुपदेशकाचीही मदत घ्यावी.

रुग्णालयात तातडीने जाण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. जिना चढताना पाय उचलेनासे होणे, गिळताना ठसका लागणे किंवा दम लागणे, शरीराची एकच बाजू अचानक बधिर होऊन तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे, बैठकीची जागा बधिर होऊन लघवी अडकणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. अर्धांगवायूत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. आपल्याला यांपैकी काहीच नाही. पाणी उकळून पिण्याची आणि अर्धेकच्चे चिकन टाळण्याची सवय मात्र आपल्या भागात यापुढेही चालू ठेवा.